नक्षीवाल्याची बाग

साखर पेठेत दुपारी तीनला कुणी कुणाच्या घरी जात नाही.
मी गेले.
पाटी नव्हतीच कुठे. सायकलच्या दुकानातला पोरगा
हवा भरता भरता म्हणाला,
"नक्षीवाल्या चिट्याल मास्तरांचं ना?
मागाचा आवाज थांबतो, तिथून डावीकडं."

दार उघडलं सत्यवतीआक्कांनी, मास्तरांच्या धाकट्या सुनेनं.
"बसा की. पाणी थंड नाही, मडकं कालच फुटलं."
मग आत कुणालातरी तेलुगूत काहीतरी,
आणि माझ्यासमोर स्टीलच्या ताटलीत शेंगाची पोळी.

घर म्हणजे दीड खोली आणि एक मेज.
मेजावर आलेखाचा कागद अजून चिकटलेला,
चारी कोपऱ्यांना खळीचे डाग.
लाल चौकोन, रिकामा, लाल, लाल, रिकामा.
जवळून काहीच नाही, नुसता हिशेब.
"दारापर्यंत मागं व्हा," आक्का म्हणाल्या.
झाले.
उंबऱ्याला टाच लागली
तेव्हा गुलाब दिसला.

बाग मागच्या अंगाला.
हिला बाग म्हणावं का, असं मनात आलं:
दहा बाय बाराची जागा, डालड्याचे डबे,
तगर, अबोली, एक हट्टी कण्हेर.
मास्तरांनी जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या.
रेघा कधीच पुसल्या,
झाडं मात्र अजून आपापल्या घरात उभी.
एका चौकोनात एकच झाड. मधला चौकोन मोकळा.
तिथं ते उकिडवे बसायचे म्हणे,
शेवंतीच्या पाकळ्या मोजत,
स्वतःची बोटं संपली की शेजारच्या पोराची उसनी घेत.

नळाला पाणी पाच दिवसांनी,
म्हणून झाडांना रंगाच्या हौदाचं पाणी.
एका वर्षी मोगरा निळा फुलला,
आक्का शपथेवर सांगतात.
मी मान हलवली.
कण्हेरीचं एक फूल मात्र उगाच उलटून पाहिलं.

मग पिशवी उघडली.
आईची चादर. चाळीस वर्षांची, मधोमध विरलेली,
कडेला अजून तंबाखूचा वास;
दिवसभर विड्या वळून आई हिच्यावरच आडवी व्हायची.
हिच्यावर दोन मोर.
एकाला डोळा आहे, एकाला नाही.
लहानपणी मी त्या आंधळ्यावर हात ठेवून झोपायचे,
तो अंधारात एकटा पडेल म्हणून.

"हा कुणी बिघडवला, एवढंच विचारायला आले."

आक्कांनी चादर ओढून घेतली, मांडीवर पसरली,
आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला.
"आमच्या सासूबाईंनी. पुठ्ठ्यांना भोकं त्या पाडायच्या.
सातवा महिना, पोटात आमचे हे, रात्री कंदील,
एक भोक राहिलं.
कळेपर्यंत चादरी गड्ड्याच्या बाजारात.
मालक ओरडला, मजुरी कापली.
मास्तर पुठ्ठा उन्हात धरून कितीतरी वेळ बघत बसले
आणि म्हणाले, चादरीवर आहे ना? मग झोपलाय तो.
झोपू दे.
दुसरा पुठ्ठा केलाच नाही त्यांनी."

भिंतीवर फोटो एकच, मास्तरांचा, कागदी हार घातलेला.
मी सासूबाईंचं नाव विचारलं.
आक्का अडल्या. आत जाऊन विचारून आल्या.
"पोचम्मा. रेशनकार्डावर पद्मावती."
दोन्ही लिहून घेतली,
कुठली खरी ते ठरवणारी मी कोण.

ऊन उतरेपर्यंत चादर मधल्या मोकळ्या चौकोनात पडून होती.
एक मुंगी झोपल्या मोराच्या डोळ्याच्या जागी आली,
थोडी थांबली, वळसा घालून गेली.
"ठेवून जाता का?" आक्कांनी विचारलं.
"नाही," मी म्हणाले, जरा जास्तच पटकन.
त्यांनी घडी घालून दिली, तीही बागेसारखीच,
कोपऱ्याला कोपरा.

निघताना रस्ता विचारला.
"सोपं आहे," त्या म्हणाल्या.
"माग सुरू होतो, तिथून उजवीकडं."